खांबाकडचे गृहस्थ

तीर्थस्वरूप मामांना,

नोंदवहीवर डोकं टेकून नमस्कार. (दुपारी ते तसंही टेकलेलंच असतं.) गुडघा काय म्हणतो? काठी वापरता, की ती अजून दाराआडच उभी आहे? मी दिली म्हणून नव्हे, पण वापरा.

तुमचं पत्र पोचलं. मामीची सुरांची पेटी रागाच्या भरात विकायला पाठवली, आता ती परत हवी, तू लिलावघरात कारकून आहेस तर काहीतरी कर, असं तुम्ही लिहिलंत. रागाचं कारण मला ठाऊक आहे. चावी दिली की पेटी सगळं गाणं वाजवते आणि शेवटच्या सुराला गप्प बसते, कारण तो सूर काढणारा आतल्या पट्टीचा दात तुटलाय. मामी असताना तो सूर ती स्वतः 'हं' करून भरायची. ती गेल्यावर गाणं तसंच लोंबकळायला लागलं आणि तुम्हाला ऐकवेना. मलाही ऐकवलं नसतं, मामा. पण तोवर यादी छापून झाली होती, आणि छापलेली वस्तू आमच्याकडे देवालाही परत मिळत नाही. म्हणून मी एक उद्योग केला.

आधी इथली रीत सांगतो. विकायच्या निम्म्या वस्तू मालकांच्या स्वतःच्या. त्यांची किंमत ठरवतात मालकांचे जावई, आणि वस्तू अस्सल असल्याचा दाखला देतात त्या जावयांच्या सौभाग्यवती. बाहेरचं म्हणाल तर फक्त गिऱ्हाईक. बोली पुकारणाऱ्याला आम्ही 'तीनवार' म्हणतो (घरी बायकोनं चहा विचारला तरी हा माणूस तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय हो म्हणत नाही). बोली थंडावली की तीनवार मागच्या खांबाकडे बघून ओरडतो, "खांबाकडून वाढ!" खांबाजवळ रिकाम्या खुर्चीशिवाय काही नसतं. गिऱ्हाईक चेवानं आपली नंबराची पाटी वर करतं, आणि मी वहीत लिहितो, 'खांबाकडचे गृहस्थ'.

वहीला नुसता खांब चालत नाही, म्हणून मीच त्यांना नंबर दिला, एक्केचाळीस. सही माझ्या डाव्या हाताची. पत्ता सुचेना, तेव्हा मला पाठ असलेला एकमेव पत्ता घातला, तुमचा. (आत्ताच रागावू नका, पुढे अजून आहे.) सहा वर्षं हे गृहस्थ बोली वाढवायचे आणि ऐन वेळी माघार घ्यायचे. सभ्य माणूस. अलीकडे मात्र झाडणाऱ्या बाई कुरकुरायला लागल्या, "त्या खांबाकडच्यांना जरा पाय वर घ्यायला सांगा हो, मेले हलतच नाहीत." मी हसलो. मग जाऊन खुर्चीला हात लावून पाहिला. कोमट होती. तेव्हापासून मी त्या बाजूला फारसा जात नाही.

तर पेटीच्या दिवशी मी तीनवारच्या हातापाया पडलो, की आज एवढ्यापुरतं खांबाला जिंकू दे; मालकांची समजूत मी काढीन आणि पेटी गोदामातून गुपचूप उचलीन. नेमके एक चष्मेवाले संग्राहक हट्टाला पेटले. त्यांनी पाटी वर केली की खांबाकडून वाढ, पुन्हा पाटी, पुन्हा खांब. शेवटी तीनवारचा घसा बसला. तो पाणी प्यायला वळला, आणि पेला त्याच्या तोंडाला असतानाच खांबाकडून वाढ झाली. कोण बोललं ते मला विचारू नका. सगळ्या सभागृहानं ऐकलं. चष्मेवाल्यांनी पाटी खाली ठेवली ती ठेवलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोदामात गेलो, तर गोदामवाले काका म्हणाले, "अहो, नेली की त्यांनी. वाजवून बघितली, मान हलवली आणि गेले." वहीत सही होती, माझ्याच डाव्या हाताची, फक्त माझ्यापेक्षा वळणदार. मी विचारलं, "वाजताना शेवटी अडली असेल ना?" काका म्हणाले, "छे, चांगली पुरी वाजली." मामा, मी तिथल्याच एका खोक्यावर बसलो. भीती वाटली हे खरं, पण त्याहून जास्त मामीची आठवण आली.

तेव्हा काळजी नसावी. पेटी चांगल्या हातात आहे. (कोणाच्या, ते कळलं की कळवतो.)

तुमचा उद्योगी भाचा

ता. क. मुख्य काम राहिलंच. चष्मेवाल्यांनी तक्रार केली आहे. नंबर एक्केचाळीस हा जिवंत माणूस आहे का, ते बघायला सोमवारी सरकारी तपासनीस येतोय. माणूस दाखवता आला नाही तर माझी नोकरी जाईलच, वर कोठडीही बघावी लागेल. तेव्हा कृपा करून 'एक्केचाळीस नंबर तो मीच' असं एका कागदावर लिहून पाठवा. सही डाव्या हातानं करा.

ता. क. दोन. वहीतल्या पत्त्यावर ते खांबाकडचे गृहस्थच आले आणि दार वाजलं, तर उघडायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण त्यांच्यापुढे मामीवर तुमचा किती जीव होता वगैरे बोलू नका. त्यांना वाढवायची सवय आहे.

ता. क. तीन. टपालवाला आत्ताच तुमचं उत्तर देऊन गेला. 'एक्केचाळीस नंबर तो मीच', खाली डाव्या हाताची सही, अगदी वळणदार. आणि त्याखाली एक ओळ, 'शेवटचा सूर आता रोज लागतो.' वाचून माझा जीव भांड्यात पडला. मग मी हे पत्र घालायला पाकीट शोधू लागलो. मामा, हे पत्र मी अजून टाकलेलंच नाही.