एक्याण्णव म्हणजे किती?

बाबा, तुमच्या नातीचा इंजिनिअरिंगच्या सीईटीचा निकाल लागला. एक्याण्णव पर्सेंटाइल मिळाले, आणि ते चांगले की वाईट हे लोकांना सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस आला आहे. आधी जाऊबाई आल्या, पेढे घेऊन. एक्याण्णव टक्के समजून दिरांनी मालेगावच्या स्टँडवर अभिनंदनाचा फ्लेक्ससुद्धा लावून टाकला होता. पेढा तोंडात असतानाच शेजारचे सर आले आणि घरात कुणी गेल्यासारखे हळू आवाजात म्हणाले, "यंदा कटऑफ लय वर जानार. पोरीले म्हना, एक वर्ष ड्रॉप घे." मी जाऊबाईंना समजावलं, हे टक्के नव्हेत, शंभर पोरांमागे एक्याण्णव हिच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. "मंग तं चांगलंच हाये ना व माय!" त्या म्हणाल्या. चांगलंच आहे. पण परीक्षेला बसणारी पोरं लाखांनी, तेव्हा पुढे उरलेल्यांची रांगही काही लहान नाही. पुण्याचं जे कॉलेज तिच्या मनात होतं तिथे एवढ्यावर प्रवेश मिळत नाही, अमरावतीला मिळेल. म्हणजे एकाच आकड्याचे एका दारात पेढे आणि दुसऱ्या दारात सुतक. थकले मी, बाबा.

दवाखान्यातली ड्यूटी करून घरी येते तर पोरगी भिंतीकडे तोंड करून पडलेली, ताट झाकलेलं तसंच. काल तिने विचारलं, "आई, खरं सांग. चांगले हायेत का?" पेशंटच्या नातेवाइकांना मी रोज काय काय सांगते, पण तिच्यापुढचं झाकलेलं ताट उचलून मी आत निघून गेले.

माझ्या बारावीची मार्कलिस्ट घेऊन मी कारंज्याहून तुमच्याच एसटीत चढले होते. कामरगावची फेरी, पाय ठेवायला जागा नाही. तुम्ही खांद्यावरची कंडक्टरची बॅग सावरत कागद बघता आणि म्हणता, "गनितात काहून कमी?" बस्स, एवढंच. मग पुढे सरकून तिकिटं फाडायला लागता. मी दाराजवळ डोळे पुसत उभी आणि गर्दीतून तुमचा आवाज येतो, "माही पोरगी हाये ते. सायन्सले पास झाली." साऱ्या गाडीला सांगितलंत, मलाच तेवढं सांगितलं नाहीत. त्याच मार्कांवर मला नर्सिंग मिळालं, नोकरी लागली, घर उभं राहिलं. मार्क चांगलेच असणार. तरी राग आहे मला, बाबा. वय झालं की जाईल असं वाटायचं, गेला नाही.

आज संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसले. "अमरावतीले जाशील?"

"गेली असती. पन सारे म्हन्तात, ड्रॉप घे."

"सारे येनार हायेत का तुह्यासंगं कॉलेजात?"

ती जराशी हसली. मग म्हणाली, "तुले काय वाटते, थे सांग."

"चांगले हायेत," मी म्हटलं. "लय चांगले हायेत."

ती उठून बसली, तोंड धुऊन आली आणि म्हणाली, भूक लागली. मी पोळ्या गरम करून वाढल्या. एवढं सोपं होतं ते.

तुम्ही गेल्यावर हे पत्र पाठवायचा प्रश्नच नाही, कुणाला दाखवायचंही नाही. म्हणून तुम्हालाच सांगते: ती जेवत होती आणि मला माझ्याच पोरीचा हेवा वाटत होता.