ढोलीतलं सिमेंट

दादास,

घराची सहा दारं, आईची खुर्ची, तुझा पलंग आणि परसातल्या चिंचेच्या ढोलीत भरलेलं नऊ घमेली सिमेंट. हे सगळं मी कुणाकडे न शिकता, याच हातांनी केलं.

सिमेंट भरताना तू ओरडला होतास, "अरे शहाण्या, तो काय किडका दात आहे भरायला? पिंगळा-घुबडांचं घर आहे ते!" मी म्हणालो, "मला अक्कल शिकवू नकोस." त्यानंतर बारा वर्षं आपण बोललो नाही.

काल चिंच पडली. सिमेंटच्या मागे पाणी साचून खोड आतून कुजलं होतं. माझं काम मात्र जसंच्या तसं आहे, एक तडाही नाही. पणजोबांच्या आधीचं झाड माझ्या हुशारीने गेलं.

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. माझा ताठा तुला ठाऊक आहे. पण तू म्हणायचास, पडलेलं खोडही हलवू नये, त्यावर भुंगे, अळंबी, पाखरं कितीतरी वर्षं जगतात. आज वखारवाला खोड मागायला आला होता. मी त्याला परत पाठवलं. एकवीस हजार देत होता.

तुझा शहाणा
धाकटा