आधीचं नाव

४ मार्च
आले बाई एकदाची! संग्रहालयात भुंगेऱ्यांच्या विभागात नोकरी, वर राहायला दोन खोल्या. त्यातली पूर्वेच्या खिडकीची चिंगीला. तिची परीक्षा संपली की ताई तिला चोवीस तारखेला इथे आणून सोडणार आहे. सहा वर्षांच्या पोरीशिवाय दिवस काढायचे म्हणजे जिवावर आलंय. बाकी सगळं झकास. साहेब मोजकं बोलतात. शेजारच्या टेबलावर माश्यांचे तज्ज्ञ आहेत, त्यांचं नाव मी लगेच माशीवाला करून टाकलं. नाकावर माशी बसली तरी हाकलत नाहीत, आधी कोणती ते बघतात.

७ मार्च
काम मजेचं आहे. एकाच प्रजातीला दोन माणसांनी दोन वेगळ्या काळी दोन नावं दिलेली असतात. मी दोन्ही भुंगेरे भिंगाखाली शेजारी ठेवते. पाय, मिशा, पंखांवरच्या रेघा मोजते. फरक सापडला नाही, तर आधी छापलेलं नाव राहतं, नंतरचं बाद. त्यावर लाल रेघ मारायची आणि त्याखालचे सगळे नमुने आधीच्या नावाच्या खणात हलवायचे. आज अकरा नावं उडवली. एक कुणीतरी आपल्या लेकीवरून ठेवलेलं होतं. तेही उडवलं, आणि माशीवाल्याला सांगून पोटभर हसले. नियम म्हणजे नियम!

११ मार्च
माशीवाला म्हणतो की मी अगदी आधीच्या बाईंसारखी दिसते. त्या याच टेबलावर बसायच्या, सध्या रजेवर आहेत. चिठ्ठ्यांवरचं त्यांचं अक्षर पाहिलं. माझंच म्हणून कुठेही खपेल. चला, अक्षर तरी सुरेख आहे बाईंचं.

१५ मार्च
बाई रजेवरून परत आल्या. त्यांना दारात पाहिलं. चेहरा माझा. हनुवटीवरचा तीळ माझा. चालताना डावा खांदा किंचित वर, तोही माझा. दुपारी माशीवाल्याने मला त्यांच्या नावाने हाक मारली आणि मी ओ दिली. का दिली?

१८ मार्च
साहेबांनी आम्हा दोघींना खिडकीपाशी शेजारी उभं केलं. बोटं, कान, कपाळ, सगळं मोजलं. मी आपली चेष्टा समजून हसत होते. ते हसले नाहीत. मी मनगटावरचा भाजल्याचा डाग पुढे केला. म्हणाले की जखम हा फरक धरत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक आहे मेलं!

१९ मार्च
आज ओरडून सांगितलं की मला मुलगी आहे, हिला नाही, हाच फरक! साहेबांनी शांतपणे विचारलं की नाव बाद झालं की त्याखालचं सगळं कुठे जातं.
उत्तर बाईंनी दिलं. माझ्या आवाजात.

२१ मार्च
ताईला फोन केला, पोरीला आणू नकोस म्हटलं. ती म्हणाली की तिच्या बहिणीचा फोन मघाशीच येऊन गेला, उद्याच या म्हणाली, तर आपण कोण बोलताय?
माझी सख्खी बहीण. आपण म्हणते मला.
उद्या फाटकातच चिंगीला गाठते. पोटची पोर आहे. आईला ओळखणार नाही होय?

२२ मार्च
सकाळपासून फाटकात उभी. स्वतःचं नाव घोकत होते — पहिलं अक्षर तरी —
गाडी आली. चिंगी उतरली, धावत सुटली. मी खाली बसून हात पसरले. ती बाजूने निघून गेली. माझ्या मागे बाई उभ्या. त्यांच्या गळ्यात पडली — आई म्हणाली — त्यांना —
मग मान वळवून विचारलं की ह्या काकू का रडतायत.
बाई तिच्या कानात काहीतरी बोलल्या. चिंगी माझ्याकडे आली. इवल्याशा हाताने माझे गाल पुसले. गुणाची माझी — आणि विचारलं की काकू, तुमचं नाव काय. मी म्हटलं, बाळा, माझं नाव —