झाकण उघडं होतं तेव्हा

मुलुंड (पूर्व)
बुधवार, १६ नोव्हेंबर १९८८

प्रिय जया,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. अंधेरीच्या कंपनीतली मशीन-दुरुस्तीची जागा गेली, कारण कोणी सांगितलं नाही, आणि येत्या सोमवारी तू नाशिकला कारकून म्हणून हजर होणार. कॉम्प्युटरची पुस्तकं रद्दीत घालते आहेस, मला हवी असतील तर कोणाला तरी पाठवून न्यावीत. वर नेहमीसारखं 'अनू' नाही, खाली 'भेट' नाही. मी ते जिन्यात उभ्याउभ्या वाचलं आणि वर येऊन, सासूबाईंनी पुढ्यात ठेवलेला चहा गार होईपर्यंत तेच पुन्हा वाचत राहिले. काल घाटकोपरला उतरून तुमच्या इमारतीपर्यंत आले होते. दुसऱ्या मजल्यावर तुझ्या बाबांच्या खोकल्याचा आवाज आला आणि तशीच मागे फिरले. तोंडाने सांगायची हिंमत होत नाही म्हणून हा कागद. तो तू नाशिकची गाडी धरायच्या आत तुझ्या हातात पडायला हवा, आणि तू तो शेवटपर्यंत वाचायला हवास. तुझा राग मला माहीत आहे. मध्येच फाडू नकोस.

आधी मशीनचं सांगते, माझ्या घरच्या कॉम्प्युटरचं. तुला वाटेल, ही बया अजून मशीनच घेऊन बसली आहे. पण क्रमाने गेल्याशिवाय मला सांगता येणार नाही, आणि ही सवय तूच लावलेली आहे. मशीन अडलं की आधी वेळ लिहायची, मग तेव्हा काय चाललं होतं ते, आणि अंदाज सगळ्यात शेवटी. आपल्या जुन्या कंपनीच्या मशीन रूमबाहेर चपला काढून आपण दोघी आत कार्ड पंचिंगला बसायचो, तेव्हापासून तू हे सांगत आलीस आणि मी त्यावर तुझी टर उडवत आले. या वेळी मात्र मी शहाण्यासारखी वही ठेवली होती.

मंगळवार, अठरा ऑक्टोबर. तू कॅबिनेट उघडून मेमरीच्या जादा चिपा बसवल्यास. मी टॉर्च धरून उभी होते आणि तू एकेका चिपेचे पाय नखाने सरळ करत होतीस. झाकण लावून आपण दीड तास चालवून पाहिलं, झकास चाललं. त्या संध्याकाळी तू बाबांबरोबर नागपूरला गेलीस, दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाता तशी. गुरुवारी दसरा झाला. शुक्रवारी सकाळी मी रक्तपेढीची यादी भरायला बसले आणि चाळिसाव्या मिनिटाला पडद्यावरचं सगळं जागच्या जागी थिजलं. कर्सर लुकलुकेना, कुठलंही बटण दाबा, ढिम्म. बंद करून चालू केलं तर वीस मिनिटांत पुन्हा तेच. मधे भरलेली रक्तदात्यांची सगळी कार्डं गेली.

त्या दिवसापासून माझी जी वाट लागली, ती तुला मी कधी नीट सांगितली नाही. चौदा नोव्हेंबरला काम द्यायचं होतं. चार हजारांवर रक्तदाते. कोणत्या गटाचा माणूस कुठे राहतो हे मिनिटाभरात सापडलं पाहिजे, नाही सापडलं तर तिकडे खाटेवर कोणीतरी वाट बघत असतं, हे त्या डॉक्टरांनी आपल्या दोघींच्या तोंडावर सांगितलं होतं. आणि इथे दर दहा मिनिटांनी फ्लॉपीवर उतरवून ठेवा, मशीन मरेपर्यंत भरा, ते थंड होईपर्यंत बोटं मोडत बसा. आधी मी विजेवर संशय घेतला. सहदेवने ऑफिसातून मीटर आणून तीन दिवस व्होल्टेज मोजलं, स्टॅबिलायझर आणला, फरक शून्य. मग खालची पिठाची गिरणी. धोंडिराम दुपारी दोन ते चार गिरणी बंद ठेवतो, तेवढ्या वेळात काम करून पाहिलं. तरीही मशीन मेलंच. फ्लॉप्या बदलल्या, वायरी बदलल्या. सहदेव म्हणाला, हे धूड आता भंगारात दे. सख्ख्या नवऱ्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

तू नागपूरहून आलीस आणि पहिलं विचारलंस, काय गं, अशी का दिसतेस. मी म्हटलं, मशीन अडतंय. तू लगेच पेचकस काढलास. आणि मी म्हणाले की राहू दे, काही दिवस येऊ नकोस, मी एकटीच बघते. गोड आवाजात म्हणाले. तू पेचकस परत पिशवीत ठेवलास, सासूबाईंना येते म्हणालीस आणि गेलीस. माझ्या मनात काय होतं ते तुला तेव्हाच कळलं असणार. आईंना तर नक्कीच कळलं. तू जिना उतरायच्या आत त्या मला म्हणाल्या, "अगो, हात तर तुझो पण लागलो मा मशिनीक? मगे तिचाच नाव कित्याक?" मी त्यांना उलट उत्तर दिलं, की तुम्हाला यातलं कळत नाही.

आता पाच नोव्हेंबर. शनिवार. सकाळी मी कॅबिनेट उघडलं, तू बसवलेल्या चिपा एकेक करून काढल्या आणि झाकण न लावताच मशीन चालू केलं. चाळीस मिनिटं झाली. तास झाला. दोन तास झाले, मशीन चालूच. जया, मला आनंदाने रडू आलं. दोन आठवड्यांनी पहिल्यांदा मी चारशे कार्डं एका बैठकीत भरली. वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, 'दोष चिपा बसवण्यात', आणि खाली दोन रेघा मारल्या. त्या रेघांची शाई वाळते न वाळते तोच खालून गिरणीतून धोंडिरामची हाक आली, वहिनी, तुमचा फोन.

गिरणी जोरात चालू होती. फोन अंधेरीहून होता. तुझ्या अर्जात तू ओळखीसाठी माझं नाव दिलं होतंस. साहेब सभ्यपणे विचारत होते की मुलगी आम्हाला पसंत आहे, तुम्ही तिच्याबरोबर काम केलंय, मशीन हाताळायला कशी आहे. गिरणीच्या आवाजात मला ओरडून बोलावं लागलं. मी ओरडले की हुशार आहे, पण हात घाईचा आहे, माझं मशीन तिने उघडल्यापासून एक दिवस धड चाललेलं नाही. दळणाला आलेल्या तीन बायका माझ्याकडे बघत होत्या. साहेबांनी आभार मानले. मी वर येऊन पुन्हा कार्डं भरायला बसले, आणि खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला जराही वाईट वाटलं नाही. मी खरं तेच सांगितलं असं मला वाटत होतं.

हे वाचून तू कागद खाली ठेवला असशील. पुन्हा उचल, कारण यापेक्षा वाईट अजून यायचं आहे. दुसऱ्या दिवशी मी झाकण लावून बसले. तुझ्या चिपा बाहेर, डबीत. आणि चाळिसाव्या मिनिटाला मशीन मेलं. म्हणजे सहा तारखेलाच मला कळलं होतं की दोष तुझा नाही. एक जिना उतरून अंधेरीला फोन लावायचा होता, तेवढंच. मी तो लावला नाही. आधी म्हटलं आज रविवार. मग म्हटलं दिवाळी आली. मग म्हटलं, एवढ्याशा बोलण्यावर थोडंच कोणी नोकरी देतं की घेतं. शनिवारी जे केलं ती चूक होती. रविवारपासून जे केलं तो निव्वळ भ्याडपणा होता. दिवाळीत तू फराळाचा डबा पाठवलास तो मी घेतला, आणि रिकामा डबा परत पाठवताना आत चिठ्ठीसुद्धा घातली नाही.

दोष सापडला तो गेल्या रविवारी, तेराला. दुपारची वेळ, गिरणी बंद. छापलेल्या याद्या जमिनीवर लावत होते. कागद उडू नयेत म्हणून छताचा पंखा बंद केला. खोली शांत झाली, आणि माझ्या लक्षात आलं की ती जरा जास्तच शांत आहे. मशीन चालू होतं, आणि आतून काहीच आवाज नव्हता. आपलं मशीन मांजरासारखं घुरघुरतं, यावरून आपण किती हसलोय. दसऱ्यापासून ते घुरघुरतच नव्हतं, आणि मला उलट बरं वाटत होतं की बाई, निदान शांत तरी चालतंय. मागच्या जाळीशी हात नेला. वारा नाही, नुसती धग. प्लग काढला, तू सांगतेस तसा अर्धा तास थांबले आणि मशीनमधला विजेचा डबा उघडला. आतल्या पंख्याच्या आसावर पांढरा दोरा गच्च गुंडाळलेला, त्यात झेंडूच्या दोन वाळलेल्या पाकळ्या.

दसऱ्याला मशीनची पूजा मी केली होती. आईंनी नव्हे, मी. आईंनी फक्त शिवणयंत्राला हळदकुंकू लावलं. मशीनला हार घालायची हौस माझी. हार लांब झाला म्हणून उरलेलं टोक मागे सोडलं, ते जाळीतून आत गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घाईत हार ओढून काढला तेव्हा दोरा तुटला, तुकडा आतच राहिला, आणि मशीन लावल्याबरोबर पंख्याने तो गुंडाळून घेतला आणि अडला. त्यानंतर मशीन नुसतं तापत होतं. चिपा काढल्या त्या दिवशी झाकण उघडं होतं, वर छताचा पंखा जोरात, म्हणून ते दोन तास टिकलं. माझा पुरावा तो एवढाच. दोरा काढला, तुझ्या चिपा जागच्या जागी बसवल्या, झाकण लावलं. नऊ तास चाललं. सोमवारी सकाळी रक्तपेढीचं काम देऊन आले. डॉक्टरांनी बी निगेटिव्हचा भांडुपचा माणूस शोधायला सांगितला, तो क्षणात पडद्यावर आला. सगळे खूश झाले आणि मीही खुशीत घरी आले, तर जिन्यात पोस्टमन तुझं पत्र घेऊन उभा.

काल मी अंधेरीला गेले. साहेबांना भेटून सगळं सांगितलं. तेच लिहूनही दिलं, आणि तो दोरा कागदाला चिकटवून दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, चहा मागवला आणि सांगितलं की जागा भरली, आता काही करता येत नाही. जानेवारीत आणखी एक निघेल. तू अर्ज केलास तर हा कागद फाइलीत असेल, यापुढे ते काही कबूल करत नाहीत. मी फाइल बघू द्या म्हटलं. बघू द्यायला नको होतं, पण त्यांनी दाखवली. मुलाखतीच्या यादीत तुझ्या नावापुढे पहिला नंबर होता. त्यावर काट मारली होती आणि खाली लाल शाईत माझं वाक्य होतं, जवळजवळ माझ्याच शब्दांत.

आता हे पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते. तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल मी अजून बोललेच नाही. तू लिहिलं आहेस की बाबा म्हणतात, कारण विचारायचंच कशाला, आडनाव वाचलं असणार, म्हणून हा नाद सोड आणि सरकारी नोकरी धर. ती ओळ वाचल्यापासून मला झोप नाही. आधी वाटलं, लगेच लिहावं की बाबांचा गैरसमज झाला, तिथे आडनावाचा विषयच नव्हता, पहिला नंबर होता तुझा. मग काल घरी येऊन वही उघडली. एकवीस ऑक्टोबर, पहिलं पान. वर माझ्याच अक्षरात आहे की चिपा बसवल्यावर दीड तास नीट चाललं. आणि त्याच्या खाली संशयाची यादी: जयाच्या चिपा, वीज, गिरणी, फ्लॉपी. पूजा नाही. माझं नाव कुठेही नाही. तेवीस दिवसांत मला एकदासुद्धा वाटलं नाही की चूक माझ्या हातून झाली असेल. तुझ्या हातून झाली असेल हे मात्र पहिल्या चाळीस मिनिटांत वाटलं, तेही तू माझ्यापेक्षा दसपट सफाईने काम करतेस हे सात वर्षं डोळ्यांनी बघून. आईंनी मला सरळ विचारलं होतं, तिचंच नाव का, आणि मी ते टोलवून लावलं, कारण खरं उत्तर माझ्या तोंडून निघण्यासारखं नव्हतं. सात वर्षं एका डब्यात जेवलो, त्यामुळे मला वाटायचं, माझ्यात ते नाही. नाशिकला जा किंवा जाऊ नकोस, माझं तोंड पुन्हा बघू नकोस, पण पुस्तकं रद्दीत घालू नकोस आणि जानेवारीचा अर्ज कर. आणि बाबांना सांग की त्यांचं काही चुकलेलं नाही. आडनाव वाचलं गेलं. फक्त ते अंधेरीला कोणी वाचलं नाही. इथे मुलुंडला, माझ्या घरात, मी वाचलं.

म्हणवून घ्यायला तोंड नाही, तरी तुझीच,
अनू