उपाशीपोटीची सही

मंगळवार, ४ मार्च

खोटी सही ठोकली! चाळीस वर्षं टपालखात्यात पार्सलांची वर्गवारी केली, एकदाही असलं पाप केलं नाही. आज केलं — दवाखान्याच्या कागदावर, त्यांच्याच पेनाने.

झालं असं. हिच्या स्वादुपिंडातल्या गाठीसाठी दर पंधरवड्याला रक्त द्यायचं असतं, कडकडीत उपाशीपोटी. सकाळी सहाला ही पलंगावर उठून बसली आणि म्हणाली, "अहो, मला भूक लागलीये." भूक! दोन महिने ताट बघितलं की तोंड फिरवणारी बाई! मी नियम सांगायला तोंड उघडलं आणि पाव भाजायला गेलो. चार तुकडे, वर लोण्याचा असा थर की खालचा पाव शोधावा लागावा. बशी साफ झाली. हिने बोटंसुद्धा चाटली. मी बावळटासारखा हसत उभा.

"कुणाला सांगायचं नाही हं. लेकीला तर मुळीच नाही." हिने शपथच घातली.

आठ वाजता प्रयोगशाळेतल्या बाईंनी — मी त्यांना मोजणीबाई म्हणतो — विचारलं, "आजी उपाशी आहेत ना?" "अगदी!" म्हणालो आणि सही केली. उपाशी राहायला सांगतात ती नुसती रीत, अशी मनाची समजूत घातली.

बुधवार, ५ मार्च

मोजणीबाईंनी पहिल्या दिवशी सांगितलेलं आठवत बसलो. पेशी एकमेकींना सारख्या बारीक पुड्या पाठवतात, त्यांना एक्सोसोम म्हणायचं. गाठ तर धडाक्याने पाठवते. रक्तातल्या पुड्या मोजल्या की गाठीचं काय चाललंय त्याचा अंदाज येतो. हिची गाठ अशा जागी आहे की कापून काढता येत नाही. म्हणून हे नवं औषध — तेही तसल्याच पुड्यांत भरून गाठीकडे धाडतात. प्रयोग आहे, खात्री कुणी देत नाही.

"म्हणजे पार्सल पाठवणाऱ्याला परत!" असं मी तेव्हा म्हणालो होतो. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. टपालातला कुणीही हसला असता.

शुक्रवार, ७ मार्च

डॉक्टरीणबाईंचा फोन. पुड्यांचा आकडा तिप्पट! "औषध बहुधा लागू पडत नाहीये. सोमवारी या, बंद करावं लागेल असं दिसतंय."

लेक स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रडली. ही हळूच माझ्या कानात, "लोण्याने होतं का हो असं?"

"छे! लोण्याचा काय संबंध!" म्हणालो खरा, पण मनात आलं — औषध खरंच चालत नसेल तर? आणि चालत असून माझ्यामुळे बंद झालं तर?

शनिवार, ८ मार्च

लोणी फेकून दिलं, डब्यासकट. डबा लेकीचा होता.

सोमवार, १० मार्च

डॉक्टरीणबाई औषध बंद करायच्या कागदावर पेन टेकवणार, तोच मी ओरडलो — "लोणी!"

सगळे बघायला लागले. "भाजलेला पाव. चार तुकडे. सही माझी, खोटी. हिला काही बोलू नका."

"साडेतीन," ही म्हणाली. "अर्धा यांनी खाल्ला."

मोजणीबाईंना बोलावणं गेलं. त्यांनी कपाळाला हात लावला. "तरीच नमुना गढूळ वाटत होता, आजोबा! खाल्ल्यावर चरबीचे बारीक कण रक्तात उतरतात. आमच्या यंत्राला तेही पुड्यांसारखेच दिसतात. म्हणून तर विचारलं होतं!" म्हणजे एवढ्या मोठ्या यंत्राने मन लावून माझं लोणी मोजलं!

लेकीने तिथल्या तिथे झापलं, तेही जावयासमोर. "बाबा, तुम्ही काय लहान आहात का?" ऐकून घेतलं.

डॉक्टरीणबाई मात्र हिच्याकडेच बघत होत्या. "भूक आपणहून लागली? कुणी आग्रह नाही केला?"

"यांना आग्रह करता येतो का कुठे! मीच मागितलं."

"पचलं?"

"मस्त."

त्यांनी फाइलमध्ये काहीतरी लिहिलं आणि तो कागद बाजूला सारला. उद्या पुन्हा रक्त, शिवाय स्कॅन. तोवर औषध चालू.

मंगळवार, ११ मार्च

लेकीने कालच संध्याकाळी स्वयंपाकघराला कुलूप ठोकलं. किल्ली जावयाच्या गळ्यात! चहासुद्धा नाही — मला कशाची शिक्षा? माझं रक्त कोण मोजतंय?

सहाला ही उठून बसली. "भूक लागलीये हो." आठ वाजेपर्यंत दोघं हातात हात धरून घड्याळाकडे बघत बसलो. लग्नानंतर एवढा वेळ असे कधी बसल्याचं आठवत नाही. मला फार भीती वाटत होती. हिला नसावी, ही जावयाच्या गळ्यातल्या किल्लीला हसत होती.

सही लेकीने केली. माझ्याकडे मोजणीबाईंनी पेनसुद्धा दिलं नाही.

शुक्रवार, १४ मार्च

आकडा सुरुवातीच्या निम्म्यावर! स्कॅनमध्येही गाठ आक्रसलेली दिसते. आता कापून काढता येईल, सर्जन म्हणाले. पुढच्या महिन्यात.

एकट्या माणसाच्या भाताला तांदूळ किती, पाणी किती — जानेवारीत हिच्या नकळत लेकीला विचारून चिठ्ठीवर लिहून घेतलं होतं. तिने मान वर न करता सांगितलं होतं. चिठ्ठी तेव्हापासून पाकिटात होती. आज दवाखान्याच्या जिन्यातच फाडली.