कडी बाहेरून होती

प्रिय धाकटे,

तुझं पाकीट सोमवारी मिळालं. वीस तारखेच्या प्रयोगाची दोन तिकिटं, पहिल्या रांगेतली, आणि सोबत चिठ्ठी: 'ताई, या वेळी आईला घेऊन ये. तिने बघायलाच हवं.' आज शुक्रवार. तिकिटं अजून टेबलावर आहेत. आईला त्या खुर्चीत नेऊन बसवायचं की नाही, एवढ्या एका प्रश्नावर मी वहीची अकरा पानं लिहिली आणि खोडली. तू म्हणशील, ताईचं नेहमीचंच. छापखान्याची मुद्रितं तपासण्यात जन्म गेला, आता स्वतःच्या रागातल्याही चुका शोधत बसते. बसते खरी.

म्हणून आधी माझ्याकडून झालं ते लिहिते. बाबांच्या आजारपणातल्या तिन्ही वह्या मीच कापडी पिशवीत घालून तुझ्या हातात दिल्या. तू म्हणालीस, बाबांवर एकपात्री लिहितेय, नुसता अंदाज यायला हव्यात. मी म्हणाले, घे, हवं ते घे. हे मी त्याच दिवशी लिहून ठेवलंय, त्यामुळे नाकबूल व्हायची सोय नाही. मग तू आठ दिवस राहिलीस. बाबा चमचा कसा धरायचे, खुर्चीतून उठताना आधी कुठला खांदा वर यायचा, नाव आठवलं नाही की ओठ कसे मिटायचे, सारखं विचारत होतीस. एका सकाळी तू आरशासमोर त्यांच्यासारखी उठलीस आणि आईच्या हातातली भाजी निवडायची राहिली. 'अगं बाई, हुबेहूब,' म्हणून ती हसली आणि मग आत निघून गेली. त्या आठ दिवसांइतकी तू मला कधीच जवळची वाटली नव्हतीस. हेही वहीत आहे.

तीन आठवड्यांपूर्वी पहिल्या प्रयोगाला मी एकटीच आले. 'सरप्राइज आहे, काही विचारायचं नाही,' अशी तुझी ताकीद होती. साठेक खुर्च्यांचा तो हॉल, मध्ये एक टेबल आणि एक रिकामी दाराची चौकट. तू बाबा झालीस, आई झालीस, डॉक्टर झालीस, आणि दोन वर्षं बाबांना अंघोळ घालणारी, भरवणारी मुलगीही तूच झालीस. मी कधी येते याची मी वाट बघत होते. आले. संत्र्यांची पिशवी घेऊन येणारी, खुर्चीच्या कडेवर टेकून 'यांना जरा मोकळ्या हवेत नेत जा गं' असा सल्ला देणारी आणि दर पाच मिनिटांनी घड्याळ बघणारी ताई. लोक खो खो हसले. आधी मीही हसले, कारण नक्कल अचूक होती. मग उमगलं की ती तुझीच नक्कल होती. संत्री तू आणायचीस. दोन वर्षांत चार वेळा.

तिथे बसल्या बसल्याही मी तुझी बाजू घेत होते. रंगमंचावर एकटी बाई उभी राहते, तर तिने जे घडलं त्याच्या आत असायला हवं. खिडकीतून डोकावणाऱ्या मुलीचं नाटक कोण बघेल? शिवाय लेखन तुझं आहे. माझ्या वहीत 'आज बाबांनी जेवायला दीड तास लावला' एवढंच असतं, तू त्या दीड तासाची सहा मिनिटं करून माणसांना रडवतेस. ते मला जमणार नाही. गोष्ट इथवरच असती तर तुला दोन टोमणे मारून मी मोकळी झाले असते.

पण तिसऱ्या वहीतली दोन पानं मी टाचण्या लावून बंद केली होती. तू ती वाचली आहेस, तरी त्यात काय होतं ते पुन्हा लिहिते. घडलं ते आणि तू सांगतेस ते, यातलं अंतर मला एकदा माझ्या अक्षरात बघायचं आहे.

आई तेव्हा खुब्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होती. बाबांना सांभाळायला येणारी बाई त्या दिवशी आली नाही. सकाळपासून बाबांनी मला सतरा वेळा विचारलं, 'बाई, तुम्ही कोण?' मी मोजत होते, यावरूनच माझं काय झालं असेल ते ओळख. अकराच्या सुमारास त्यांनी पाण्याचा तांब्या माझ्या मुद्रितांवर उपडा केला. मी त्यांना दंडाला धरून मागच्या खोलीत नेलं, दार ओढलं, बाहेरून कडी लावली आणि चपला घालून निघाले. बसस्टॉपवरच्या बाकावर बसले. कुठल्याच बसमध्ये चढले नाही. एक तास दहा मिनिटं.

परत येऊन कडी काढली तेव्हा बाबा दारामागे जमिनीवर बसले होते. पायजमा ओला झाला होता. मांडीवर त्यांचा किल्ल्यांचा जुडगा, कुलपं दुरुस्तीच्या धंद्यात चाळीस वर्षं गल्लीतलं प्रत्येक अडलेलं कुलूप ज्याने उघडलं तो. त्यातली एक एक किल्ली त्यांनी दाराच्या कुलपात फिरवून पाहिली होती. दोन नखं तुटली होती. माझ्याकडे बघून ते अगदी गिऱ्हाइकाशी बोलावं तसं म्हणाले, 'फार पक्कं काम आहे, बाई. माझ्याच्याने नाही झालं.' धाकटे, ते कुलूप लागलेलंच नव्हतं. कडी बाहेरून होती. हे मी त्यांना सांगितलं नाही. तेव्हाही नाही आणि ते जाईपर्यंतच्या पुढच्या पाच महिन्यांतही नाही. त्यांनी जुडगा खिडकीत ठेवला आणि पुन्हा कधी हातात घेतला नाही.

तुझ्या नाटकात दार तू बंद करतेस. कडी नाही, कुलूप. प्रेक्षकांना चावी फिरल्याचा आवाज ऐकू येतो. मग तूच बाबा होऊन आतून खटपट करतेस, कुलूप उघडतेस, चौकटीतून बाहेर येतेस आणि लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणतेस, 'दार जरा अडकत होतं गं, मी करून ठेवलंय नीट.' सगळा हॉल हुंदके देत होता. शेजारच्या बाईंनी माझा हात घट्ट धरला. प्रयोग संपल्यावर मी बहीण आहे हे कळल्यावर त्या म्हणाल्या, 'स्वतःची चूक अशी चारचौघांत सांगायला छाती लागते हो. तुम्हाला किती अभिमान वाटत असेल!' मी मान हलवली. तुझ्याभोवती गर्दी होती, बायका तुला मिठ्या मारत होत्या. सात वर्षं मी ज्याच्यासाठी झुरते आहे ते त्या तुला देत होत्या, आणि तू ते घेत होतीस, डोळे पुसत.

मी अपराध केला, त्याची माफी तू लिहिलीस, आणि तिच्यावर स्वतःचा हक्कही सांगितलास. बाबांनी मला माफ केलं नाही. त्यांना काय माफ करायचं हेच माहीत नव्हतं. ते एवढंच समजून गेले की आपल्या हातातलं काम संपलं. माझ्याकडे त्यांचं तेवढंच शेवटचं होतं, कितीही वाईट असलं तरी. तू ते पुसून त्या जागी काहीतरी गोड ठेवलंस.

आणि टाचण्या मी का लावल्या, असंही मी स्वतःला विचारते. लपवायचंच होतं तर पानं फाडता आली असती. वह्या देताना ती दोन पानं काढून ठेवता आली असती. बहुतेक तू ती वाचावीस असंच मला वाटत होतं. वाचून एक फोन करावास, पुढे काही सुचलं नाही तर नुसतं 'ताई' म्हणावंस. परत आलेली तिसरी वही मी प्रयोगानंतर पहिल्यांदा उघडून पाहिली. तू टाचण्या पुन्हा त्याच भोकांतून घातल्या होत्यास. नाटकापेक्षाही ते मला जास्त लागलं. वाचल्याचं मला कळू नये एवढी काळजी तू घेतलीस, आणि मग तेच साठ लोकांना सांगितलंस.

परवा दुपारी मी आईला सगळं सांगितलं. टाचण्या काढून तिला ती दोन पानं वाचून दाखवली. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती, घालतच राहिली. शेवटी म्हणाली, 'म्हणजे ते हरलो असंच समजून गेले.' मग विचारलं, 'आणि ही तिथे काय दाखवते?' तेही सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही. माझं ताट वाढून ठेवते आणि आत जाऊन बसते. हे सोसायला फार जड आहे, पण माझं आहे, आणि सात वर्षांत पहिल्यांदा मला शांत झोप लागली. आज सकाळी मात्र दाराशी येऊन एवढंच बोलली, 'वीस तारखेला मला ने.' मी नेणार आहे. तिला पहिल्या रांगेत बसवून मी बाहेर थांबेन. प्रयोग बदल असं मी सांगत नाही, तो तुझा आहे. पण त्या चौकटीतून बाबा होऊन बाहेर येशील तेव्हा समोर बसलेल्या आईला सगळं ठाऊक असेल. हे तुला आधी न कळवता तिला तिथे बसवावं, असं दोन दिवस माझ्या फार मनात होतं. पण भर हॉलमध्ये, अंधारात, आपल्याच माणसाने आपल्याला असं गाठलं की काय होतं, ते मी पाचव्या रांगेत बसून सोसलंय. ते मी तुला करणार नाही. म्हणून हे पत्र.

तुझीच,
ताई