तंबूतले सुके बोंबील

१४ ऑगस्ट, एडमंटन
आठ किलोंच्या वर काही घेणार नाही, असं कॅम्पिंगच्या गाइडने, डॅरिलने, बजावलंय. तिसऱ्यांदा सॅक रिकामी केली. टी-शर्ट दोनच. तळाशी परत आईने कोंबलेली सुक्या बोंबलांची पुडी. "जंगलात काय पाला खाणार?" आई. अस्वलं वासावर येतात, सांगितलं. माझा भाऊ रॉनी हसला. "बाय, तिथली अस्वलं वसईची नाहीत." पुडी किचनच्या कचऱ्यात टाकली, तर त्याने माझ्या सॅकला लाथ घातली. टॉर्च फुटला.

१६ ऑगस्ट, कॅम्प
वासाचं सगळं, टूथपेस्टसुद्धा, डॅरिलने लोखंडी पेटीत ठेवायला लावलं. प्रत्येकाला विचारलं, अजून काही? रॉनी: "नथिंग, मॅन." माझा लिप बाम खिशात राहिलेला. परत जाऊन दिला.

१७ ऑगस्ट
उजाडताना अस्वल आलं. सरळ रॉनीच्या तंबूवर. एका फटक्यात कापड फाटलं. रॉनी नदीवर गेला होता. डॅरिलला माहीत नव्हतं. तो अस्वल पळवायचा स्प्रे घेऊन धावला, रॉनीला हाका मारत. अस्वलाने त्याला दंडाला धरून झटकलं, ओलं फडकं झटकतात तसं. हाड मोडल्याचा आवाज. गालाची कातडी लोंबत होती. स्प्रे उडाला, ते गेलं. माझे दोन्ही टी-शर्ट जखमांवर दाबून धरले.
तंबूच्या चिंध्यांत ती पुडी, रॉनीने कचऱ्यातून काढून आणलेली. रॉनीने शेकोटीत टाकली. किचनमध्ये न टाकता मी बाहेरच्या बिनमध्ये टाकली असती तर

१९ ऑगस्ट, एडमंटन
डॅरिलचा डावा हात कापला. अस्वलाला गोळी घातली. तंबू नीट तपासले नाहीत म्हणून दोष त्याच्यावरच; काम जाणार. उद्या चौकशीला वनखात्याच्या बाई येतायत.
जेवताना म्हटलं, मी खरं सांगणार. रॉनीने मनगट पिरगळलं, डोकं टेबलावर दाबलं. ताट खाली पडलं. "एक शब्द बोल, मग बघ."
आई भात गोळा करत म्हणाली, "त्याचा हात परत येणार आहे का, बाय?"
शाळेत जायच्या आधी याच टेबलावर बाबांनी मला शिकवलं. बाराखडी आणि खरं बोलणं, एकदमच. आता बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

२० ऑगस्ट
मनगट जांभळं पडलंय. आईने पलंगावर लांब बाह्यांचा ड्रेस काढून ठेवला होता. घडी करून कपाटात ठेवला. आखूड बाह्यांचा घातला.
बाई हॉलमध्ये बसल्यात. आई चहा विचारतेय. माझ्या खोलीच्या दाराबाहेर रॉनी. एकदा हळूच ठोठावलं.
"बाय, काय सांगणारेस?"
कडी काढतेय.